चिठ्ठीतली मात्रा एका पुडीची की सगळ्या पुड्यांची? आणि ०.५ मि.ग्रॅ. तोलायचं कसं?

नवखा_योजक (प्रश्न)

फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आहे. विभाजित पावडरींचं, म्हणजे एकेका मात्रेच्या पुड्यांचं प्रॅक्टिकल सुरू झालंय. सरावाला दिलेल्या दोन चिठ्ठ्यांवर अडलोय. मूळ चिठ्ठ्या लॅटिन संक्षेपांत आहेत, इथे उच्चाराप्रमाणे लिहितो (मिस्के, फिआट पल्व्हिस : मिसळून पावडर करा; सिग. : लेबलावरची सूचना; टी.डी.एस. : दिवसातून तीन वेळा; पी.सी. : जेवणानंतर; ए.सी. : जेवणापूर्वी; क्यू.एस. : लागेल तेवढं). दोन्ही रुग्ण प्रौढ.

पहिली चिठ्ठी :
सोडियम बायकार्बोनेट ५०० मि.ग्रॅ.
कॅल्शियम कार्बोनेट २५० मि.ग्रॅ.
लाइट मॅग्नेशियम कार्बोनेट २५० मि.ग्रॅ.
मिस्के. फिआट पल्व्हिस. मिट्टे टालेस ६.
सिग. : एक, टी.डी.एस., पी.सी.

दुसरी चिठ्ठी :
अ‍ॅट्रोपीन सल्फेट ०.५ मि.ग्रॅ.
लॅक्टोज क्यू.एस.
मिस्के. फिआट पल्व्हिस. मिट्टे टालेस ९.
सिग. : एक, टी.डी.एस., ए.सी.

अडचणी अशा :

१. पहिल्या चिठ्ठीत एकूण वजन १ ग्रॅम होतं. ते एका पुडीचं की सहा पुड्यांचं? आमच्या बॅचमध्ये अर्ध्या जणांनी ६ ने भागलंय. पुस्तकात असंच दिसणारं दुसरं उदाहरण आहे, त्यात खरोखर भागलेलं आहे.

२. दुसरीत ०.५ गुणिले ९ म्हणजे ४.५ मि.ग्रॅ. लागतं. आमच्या डिस्पेन्सिंग बॅलन्सवर १०० मि.ग्रॅ.च्या खाली तोलायचं नाही असं सांगितलंय. मी १ भाग औषध, ९ भाग लॅक्टोज (दुधातली साखर, नुसती भर) असं दोनदा पातळ केलं, तर शेवटी ४५० मि.ग्रॅ. मिश्रण घ्यावं लागतं असं उत्तर आलं. बरोबर आहे का?

३. तोलताना शेवटची पुडी दर वेळी कमी भरते.

४. पुड्या सुटतात, आणि सगळ्या सारख्या लांबीच्या होत नाहीत.

मात्राशोध

पहिल्या प्रश्नाचं उत्तर औषधांच्या ओळींत शोधू नका, ते त्यांच्या खालच्या सूचनेत आहे. आकडे दोन्ही प्रकारच्या चिठ्ठ्यांत सारखेच दिसतात, म्हणूनच बॅचमध्ये दोन तट पडले.

‘मिट्टे टालेस ६’ म्हणजे ‘अशा सहा द्या’. ‘अशा’ हा शब्द आला की वर लिहिलेलं सगळं एका पुडीचं. ‘डी.टी.डी. ६’ असं लिहिलं असेल तरी अर्थ हाच, तशाच सहा मात्रा द्या. त्यामुळे तुमच्या पहिल्या चिठ्ठीत प्रत्येक पुडी १ ग्रॅमची.

पुस्तकातल्या ज्या उदाहरणात भागलंय, तिथे सूचना पुन्हा वाचा. ‘डिव्हिडे इन पार्तेस एक्वालेस ६’ किंवा त्याचं ‘डिव्ह. इन पार्ट. एक.’ असं आखूड रूप असेल. ती सूचना असली की वरचं वजन एकूण, आणि ते सहा सारख्या भागांत वाटायचं.

नुसतं ‘मिट्टे ६’ लिहिलंय, ‘टालेस’ही नाही आणि ‘डिव्हिडे’ही नाही, अशी चिठ्ठी आली तर? तेव्हा मात्रा तपासायची. तुमच्याच चिठ्ठीवर करून बघा. १ ग्रॅम सहात वाटला तर एका पुडीत सोडियम बायकार्बोनेट जेमतेम ८३ मि.ग्रॅ. येतं. आम्ल मारण्यासाठी ते एका वेळी शेकडो मिलिग्रॅमपासून काही ग्रॅमपर्यंत देतात, ८३ मि.ग्रॅ.चा उपयोग नाही. पुडी १६७ मि.ग्रॅ.ची झाली असती, म्हणजे बांधताही आली असती. ‘बांधता येते’ एवढ्यावर अर्थ लावला तर माणूस फसतो. औषधाच्या नेहमीच्या मात्रेशी ताडून बघायलाच हवं. आणि ताडूनही शंका उरली तर डॉक्टरांना विचारायचं, स्वतःच्या अंदाजाने पुड्या बांधायच्या नाहीत. प्रॅक्टिकलमध्ये वहीत तसं लिहा : ‘संदिग्ध, लिहून देणाऱ्याकडून खात्री करून घेतली.’

ताडण्याचा आणखी एक सोपा मार्ग म्हणजे पुड्यांची संख्या आणि दिवस. ९ पुड्या, दिवसातून तीन, म्हणजे नेमके तीन दिवस. ६ पुड्यांचे दोन दिवस. हिशेब असा पूर्ण दिवसांत सुटला तर संख्या आणि वेळा तुम्ही बहुधा बरोबर वाचल्यात. १० पुड्या आणि टी.डी.एस. असं दिसलं तर दोन्ही आकडे पुन्हा वाचा. कदाचित तसंच हवं असेल, पण दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाचताना घात करणाऱ्या चार जागा इथेच सांगून ठेवतो.

ग्रॅम आणि ग्रेन. जुन्या पद्धतीच्या चिठ्ठीत ‘जी.आर.’ आणि पुढे रोमन पाच असेल तर ते पाच ग्रेन, पाच ग्रॅम नव्हे. १ ग्रेन म्हणजे ६४.८ मि.ग्रॅ., म्हणजे पाच ग्रेन सुमारे ३२४ मि.ग्रॅ. ग्रॅम धरलं तर मात्रा पंधरा पटींहून जास्त जाते.

दशांश चिन्ह. नुसतं ‘.५’ लिहिलं तर टिंब पुसट होऊन ५ वाचलं जातं, म्हणून आधी शून्य हवाच. उलट ‘५.०’ मधलं टिंब हरवलं तर ५० होतं, म्हणून नंतर शून्य नको. अ‍ॅट्रोपीनच्या ओळीत प्रौढाला ०.५ मि.ग्रॅ. ही ओळखीची मात्रा आहे. ५ दिसलं तर तिथेच थांबा.

मायक्रोग्रॅम. संक्षेप वापरू नका, पूर्ण शब्द लिहा. हाताने लिहिलेला मायक्रोग्रॅम घाईत मिलिग्रॅम वाचला जातो आणि हजार पटींची चूक होते.

ओ.डी. काही जण ‘दिवसातून एकदा’ म्हणून लिहितात, डोळ्यांच्या औषधात तेच ‘उजवा डोळा’ होतं. पुडीवर प्रश्न येत नाही, थेंबांवर हमखास येतो.

तराजूधर

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं मूळ एकच आहे, म्हणून एकत्र लिहितो.

तुमचं ४५० मि.ग्रॅ. हे उत्तर गणित म्हणून बरोबर आहे. चूक त्याच्या आधी झालीय. तुम्ही हिशेब नेमक्या ९ पुड्यांचा केला. घोटताना थोडं खलाला, थोडं बत्त्याला आणि स्पॅच्युलाला चिकटून राहतं. एक पुडी १२० मि.ग्रॅ.ची धरली तर ९ पुड्यांना १०८० मि.ग्रॅ. लागतं. त्यातलं ६० मि.ग्रॅ. जरी चिकटून राहिलं तरी हातात १०२० उरतं. आठ पुड्यांत ९६० जातं आणि नववीला ६० मि.ग्रॅ., म्हणजे अर्धीच मात्रा. तुमची शेवटची पुडी कमी भरते ती यामुळे.

म्हणून एक पुडी जादा धरायची. ९ च्या जागी १० :

अ‍ॅट्रोपीन सल्फेट ०.५ गुणिले १० = ५ मि.ग्रॅ.
एकूण मिश्रण १२० गुणिले १० = १२०० मि.ग्रॅ.

आता पातळ करण्याचा क्रम (ट्रायट्युरेशन म्हणजे औषध लॅक्टोजमध्ये घोटून केलेलं पातळ मिश्रण) :

पहिलं ट्रायट्युरेशन ‘क’ : अ‍ॅट्रोपीन १०० मि.ग्रॅ. + लॅक्टोज ९०० मि.ग्रॅ. = १००० मि.ग्रॅ. याच्या १०० मि.ग्रॅ.मध्ये १० मि.ग्रॅ. औषध.

दुसरं ट्रायट्युरेशन ‘ख’ : ‘क’ मधलं १०० मि.ग्रॅ. + लॅक्टोज ९०० मि.ग्रॅ. = १००० मि.ग्रॅ. याच्या १०० मि.ग्रॅ.मध्ये १ मि.ग्रॅ. औषध.

‘ख’ मधलं ५०० मि.ग्रॅ. घ्यायचं, त्यात ५ मि.ग्रॅ. औषध आलं. त्यात लॅक्टोज ७०० मि.ग्रॅ. घालून १२०० करायचं, आणि १२० मि.ग्रॅ.च्या नऊ पुड्या तोलून काढायच्या.

उरलेल्या मिश्रणाचं काय, हा प्रश्न दर वेळी निघतो. ते बाजूला काढायचं. नऊ पुड्यांत वाटून टाकायचं नाही. दहा पुड्यांचं मिश्रण नऊत वाटलं तर प्रत्येकीत ०.५ च्या जागी ०.५६ मि.ग्रॅ. जाईल, ११ टक्के जास्त. पुड्या दिसायला एकसारख्या होतात, त्यामुळे ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

१०० की १२० यावरही गोंधळ असतो, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. एक आहे तराजूवर तोलता येणारं किमान वजन. ते तराजूची संवेदनशीलता (त्याला कळणारा सर्वांत लहान फरक) भागिले मान्य चूक असं निघतं : ६ मि.ग्रॅ. संवेदनशीलता आणि ५ टक्के चूक धरली तर ६ भागिले ०.०५, म्हणजे १२० मि.ग्रॅ.; संवेदनशीलता ५ असेल तर १००. दुसरी गोष्ट पुडीचं किमान वजन. पुडी फार लहान असली तर रुग्ण ती उघडताना निम्मी कागदालाच चिकटते. त्यासाठी काही पुस्तकं १०० मि.ग्रॅ. सांगतात, काही १२०. तुमच्या अभ्यासक्रमात जे दिलंय ते धरा, पण वहीत ‘किमान वजन’ एवढंच मोघम लिहू नका. कशाचं किमान, ते लिहा.

लॅक्टोजपुढे ‘क्यू.एस.’ म्हणजे लागेल तेवढं. ते किती, हे याच किमान वजनावरून तुम्ही ठरवायचं असतं.

पहिल्या चिठ्ठीचा हिशेब सरळ आहे. ६ अधिक १ म्हणजे ७ पुड्या : सोडियम बायकार्बोनेट ३.५ ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेट १.७५, लाइट मॅग्नेशियम कार्बोनेट १.७५, एकूण ७ ग्रॅम. १ ग्रॅमच्या सहा तोलायच्या.

चाळणी८५

तराजूधर यांचा हिशेब बरोबर आहे आणि परीक्षेत बहुतेक ठिकाणी तोच अपेक्षित असतो. पण चांगल्या कामासाठी मी तो मार्ग निवडणार नाही. कारण आकड्यांतच आहे.

तराजू ५ मि.ग्रॅ.पर्यंत चुकू शकतो असं धरा. दोन टप्प्यांच्या पद्धतीत औषधावर परिणाम करणारी तीन वजनं आहेत : अ‍ॅट्रोपीन १०० (५ टक्के), ‘क’ मधलं १०० (पुन्हा ५ टक्के), ‘ख’ मधलं ५०० (१ टक्का). तिन्ही चुका एकाच दिशेला गेल्या तर ११ टक्क्यांच्या आसपास.

आता एकाच टप्प्यात १ ला ४० करून बघा : अ‍ॅट्रोपीन १०० मि.ग्रॅ. + लॅक्टोज ३९०० मि.ग्रॅ. = ४००० मि.ग्रॅ. याच्या १०० मि.ग्रॅ.मध्ये २.५ मि.ग्रॅ. औषध, म्हणून ५ मि.ग्रॅ.साठी २०० मि.ग्रॅ. घ्यायचं आणि लॅक्टोज १००० घालून १२०० करायचं. इथे महत्त्वाची वजनं दोनच : १०० (५ टक्के) आणि २०० (२.५ टक्के). वाईटात वाईट साडेसात टक्के. शिवाय एक घोटणी वाचली.

१ ला २० केलं तर १०० मि.ग्रॅ. मिश्रणातच ५ मि.ग्रॅ. मिळतं आणि गणित आणखी सुटसुटीत होतं. पण शेवटचं वजन पुन्हा तराजूच्या अगदी तळाशी येतं, ५ टक्के अधिक ५ टक्के. म्हणून शेवटचा घेण्याचा भाग किमान वजनाच्या दुप्पट तरी यावा असं प्रमाण निवडा.

मात्र ४००० मि.ग्रॅ. एकदम खलात ओतून घोटलं तर हे सगळं गणित वाया. दर वेळी खलात जेवढं आहे साधारण तेवढंच लॅक्टोज घालत जायचं :

१०० औषध + १०० लॅक्टोज = २००
+ २०० = ४००
+ ४०० = ८००
+ ८०० = १६००
+ १६०० = ३२००
+ ८०० = ४०००

सोयीसाठी हे वजनात लिहिलंय. घनता फार वेगळी असेल तर सारखं आकारमान बघायचं असतं. दर टप्प्याला पुरेसं घोटा आणि मधून मधून खलाच्या कडा आणि बत्त्याचं टोक स्पॅच्युलाने खरवडून मध्ये आणा. बत्त्याखाली दबून चिकटलेला थर मिश्रणात येतच नाही, आणि अ‍ॅट्रोपीन नेमकं त्या थरात असू शकतं.

खलात सगळ्यात आधी थोडं लॅक्टोज टाकून ते भिंतीवर फिरवून घ्या, मग औषध टाका. चिनी मातीच्या खरखरीत खलाची छिद्रं त्याने भरतात. उलट क्रमाने केलं तर १०० मि.ग्रॅ.पैकी काही औषध छिद्रांत जाऊन बसतं आणि पुढची सगळी मात्रा कमी पडते. हे आधीचं लॅक्टोज पहिल्या १०० मधूनच घ्यायचं, वेगळं नव्हे.

पांढऱ्यात पांढरं मिसळताना आपली घोटणी जमतेय का ते दिसत नाही. सरावासाठी कार्मिनसारखा रंगीत पदार्थ चिमूटभर घ्या आणि लॅक्टोजमध्ये याच क्रमाने घोटा. मिश्रण कागदावर पसरून स्पॅच्युलाने दाबलं की कच्च्या घोटणीच्या रेघा लगेच दिसतात. रेघा दिसेनाशा होईपर्यंत किती घोटावं लागतं याचा अंदाज हाताला येतो. हे रुग्णाच्या औषधात करायचं नाही, फक्त हात बसवायला.

पहिल्या चिठ्ठीत अडचण वेगळी आहे. लाइट मॅग्नेशियम कार्बोनेट फुगीर असतं, बायकार्बोनेट दाणेदार आणि जड. आधी प्रत्येक घटक वेगळा बारीक करून १८० मायक्रॉनच्या चाळणीतून, म्हणजे ८५ नंबरच्या चाळणीतून काढा. वजन चाळल्यानंतर करायचं, कारण चाळणीवर थोडं राहून जातं. मग हलका पदार्थ खलात खाली आणि जड त्याच्या वर थोडा थोडा. जड आधी टाकलं तर ते तळाशीच राहतं आणि हलकं वर उडत राहतं. दाणे वेगवेगळ्या आकाराचे ठेवले तर घोटून झाल्यावरही मिश्रण हलवताना जड दाणे पुन्हा खाली सरकतात. पहिल्या पुडीत मॅग्नेशियम जास्त आणि शेवटच्या पुडीत सोडियम जास्त, असं होतं. सहाही पुड्या १ ग्रॅमच्याच भरतात, तरी चुकलेल्या.

आणि ‘लाइट’च्या जागी ‘हेवी’ घालून पुडी आटोपशीर करायचा मोह टाळा. चिठ्ठीत जे लिहिलंय तेच.

नवखा_योजक

खूप स्पष्ट झालं, सगळ्यांचे आभार. १ ला ४० चा हिशेब वहीत करून बघितला, जमला.

आणखी दोन शंका. वरचे विद्यार्थी मिश्रण काचेवर चौकोनी पसरून स्पॅच्युलाने सारखे भाग पाडतात, त्यात वेळ कमी जातो. ते चालतं का? आणि पुढच्या आठवड्याच्या चिठ्ठीत मेन्थॉल आणि कापूर एकत्र आहेत, त्यात पुड्या ओल्या होतात असं ऐकलंय.

काचेचा_खल

चौकोन करून भाग पाडण्याची पद्धत पुस्तकांत आहे, पण ती डोळ्यांच्या अंदाजावर चालते. थराची जाडी सगळीकडे सारखी ठेवणं अवघड असतं आणि कडेचे भाग हमखास कमी भरतात. मात्रेत थोडा फरक चालेल अशा सौम्य औषधांसाठी ती ठीक असेल. अ‍ॅट्रोपीनसारख्या औषधाला ती अजिबात वापरू नका, तिथे एकेक पुडी तोलायचीच. शिकताना तर सगळ्याच तोला. वेळ वाचवायचा असेल तर तराजूच्या एका पारड्यात कागदाचा तुकडा आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा तुकडा ठेवून वजनं एकदाच लावून ठेवा, मग प्रत्येक पुडीला फक्त पावडर कमीजास्त करायची. इलेक्ट्रॉनिक तराजू असेल तर दर पुडीआधी शून्य दाखवतोय का ते बघा आणि पंखा बंद ठेवा. १२० मि.ग्रॅ. तोलताना वाऱ्याची झुळूकही आकडा हलवते.

आता पुडी बांधणं. हा चौथा प्रश्न सगळ्यांनी सोडला. रुग्णाच्या हातात शेवटी पुडीच जाते, ती वाटेत सुटली तर आधीचं सगळं काम फुकट.

कागद गुळगुळीत, पांढरा, सगळे तुकडे एकाच मापाचे. साधारण १२ बाय १० सें.मी. पुरतो, फुगीर पावडरीला थोडा मोठा घ्या. नऊ पुड्या असतील तर नऊही कागद एकदम कापा आणि सगळ्यांची पहिली दुमड आधीच करून ठेवा. पुड्या लांबी-रुंदीला सारख्या येण्याचं अर्धं काम इथेच होतं.

कागदाची लांब बाजू टेबलाच्या कडेला समांतर ठेवा. तुमच्यापासून दूरची लांब कड साधारण दीड सें.मी. आपल्याकडे दुमडा. सगळे कागद टेबलावर एकावर एक थोडे सरकवून ओळीत मांडा, दुमड वर आणि पलीकडे. तोललेली पावडर मधोमध टाका, टोकांकडे जाऊ देऊ नका. जवळची कड उचलून दुमडीच्या आत, थेट तिच्या सुरकुतीपर्यंत सरकवा. मग दुमड तिच्यावर दाबून दोन्ही मिळून आपल्याकडे घडी घाला, पुडीची रुंदी निम्म्यावर येईल इतकी. आता लांब पट्टी झाली. दोन्ही टोकं मागच्या बाजूला वळवायची. त्यासाठी ज्या डब्यात पुड्या ठेवायच्या त्याच्या रुंदीचं माप घ्या : पट्टी उघड्या डब्यावर आडवी मधोमध धरून दोन्ही टोकं कडांवरून खाली दाबली की प्रत्येक पुडी त्याच लांबीची होते. मग घडीवर स्पॅच्युलाचा सपाट भाग एकदाच फिरवा. पुडीच्या पोटावर दाब देऊ नका. आत पावडरीची वडी होते आणि रुग्णाला ती कागदावरून खरवडावी लागते.

पुडी सुटते ती दोन कारणांनी. एक, जवळची कड सुरकुतीपर्यंत पोचलेली नसते. दोन, पावडर घडीत अडकलेली असते, त्यामुळे घडी बसत नाही. पहिली पुडी बांधून झाली की उभी धरून हलकेच झटका. टोकातून काही गळलं तर पुढच्या आठ बांधण्याआधी हात सुधारा.

डब्यात ठेवताना जोड्या करा, पाठीला पाठ, म्हणजे टोकं एकमेकांना दाबून धरतात. जुडीला रबर लावून डब्यात.

मेन्थॉल आणि कापूर हे दोन्ही एकेकटे घन असतात, पण एकत्र घोटले की मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाच्या खाली जातो आणि खलात पाणी सुटल्यासारखा द्रव दिसतो. थायमॉल, फिनॉल, क्लोरल हायड्रेट हेही याच गटातले. यात औषध बिघडत नाही, रूप बदलतं. पुडीत मात्र तो द्रव कागदात झिरपतो आणि मात्रा कागदातच राहते.

दोन मार्ग आहेत. पहिला : मेन्थॉल वेगळं, कापूर वेगळा, दोन्ही लाइट मॅग्नेशियम कार्बोनेटसारख्या शोषकात वेगवेगळे मिसळायचे, मग दोन्ही मिश्रणं हलक्या हाताने एकत्र करायची, जोर लावून घोटायचं नाही. दुसरा : दोन्ही मुद्दाम एकत्र घोटून पूर्ण द्रव होऊ द्यायचा आणि तो शोषकात जिरवायचा. तुम्ही शिकताय म्हणून मी दुसरा सुचवीन. पहिल्यात पावडर तुमच्यासमोर कोरडी दिसते, पण थोडा जरी संपर्क राहिला तरी पुढे डब्यात ओल सुटू शकते. दुसऱ्यात जे व्हायचं ते खलातच होऊन जातं आणि शोषक पुरेसं आहे की नाही ते लगेच कळतं. कापूर आधी एकटा बारीक करायचा असेल तर दोन-चार थेंब अल्कोहोल टाका, नाहीतर तो बत्त्याखाली चपटा होतो, बारीक होत नाही. शोषक चिठ्ठीत नसेल तर ते तुम्ही घातलंय, आणि किती, याची वहीत नोंद हवी. पुडीचं एकूण वजन तेवढं वाढेल, तोलताना ते धरायला विसरू नका.

अशा उडून जाणाऱ्या पदार्थांना दोन कागद लागतात : आत मेणकागद, बाहेर साधा. हवेतली ओल ओढून घेणाऱ्या पावडरींनाही तसंच.

उलट प्रकारचे पदार्थही असतात, स्वतःतलं पाणी सोडणारे. सायट्रिक आम्लाचा मोनोहायड्रेट (पाण्याचा एक रेणू धरून असलेलं रूप) घोटताना किंवा कोरड्या हवेत पाणी सोडतो आणि सोबतचं ओलं करतो. तिथे निर्जल रूप वापरता येतं, पण वजन बदलून : १०० मि.ग्रॅ. मोनोहायड्रेटच्या जागी सुमारे ९१ मि.ग्रॅ. निर्जल. ओल्या पुडीत सायट्रिक आम्लासोबत बायकार्बोनेट असेल तर ते तिथेच फसफसून संपेल. आणि अ‍ॅस्पिरिनच्या पुड्यांना व्हिनेगरसारखा वास आला तर ओलीने त्याचं विघटन सुरू झालंय, त्या पुड्या द्यायच्या नाहीत.

पोटॅशियम क्लोरेट गंधक, टॅनिक आम्ल किंवा साखरेबरोबर आलं तर खलात एकत्र घोटू नका, भडका उडतो. वेगवेगळे बारीक करून कागदावर हलक्या हाताने मिसळायचे.

तराजूधर

चाळणी८५ यांचा १ ला ४० चा मुद्दा मान्य, दोन टप्प्यांपेक्षा तो चांगला आहे. वहीत फक्त कारण लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला तुम्ही नेहमीचा क्रम का सोडला ते कळेल.

उरलेल्या ट्रायट्युरेशनबद्दल कोणी बोललं नाही. ४००० मधून २०० घेतलं, ३८०० मि.ग्रॅ. उरलं. त्यात ९५ मि.ग्रॅ. अ‍ॅट्रोपीन सल्फेट आहे, म्हणजे ०.५ मि.ग्रॅ.च्या १९० मात्रा. दिसायला ती फक्त लॅक्टोजची पांढरी पावडर. लेबल न लावता टेबलावर क्षणभरही ठेवू नका. नाव, प्रमाण, तारीख लिहूनच खाली ठेवा. प्रॅक्टिकल संपल्यावर शिक्षकांच्या ताब्यात द्या आणि नोंद करा, बेसिनमध्ये ओतू नका. लॅक्टोजच्या बरणीत चुकून ते परत गेलं तर पुढच्या कोणाच्याही साध्या पुडीत अ‍ॅट्रोपीन जाईल. बाजूला काढलेल्या दहाव्या पुडीच्या मिश्रणालाही हाच नियम. खल आणि स्पॅच्युला लगेच धुऊन पुसायचे, पुढच्या चिठ्ठीसाठी तसेच सरकवायचे नाहीत.

मात्राशोध

लेबलचं राहिलं होतं, ते लिहितो, कारण चिठ्ठी वाचणं लेबलावर येऊनच पूर्ण होतं.

संक्षेप लेबलावर उतरवायचे नाहीत. दुसऱ्या चिठ्ठीसाठी : ‘एक पुडी दिवसातून तीन वेळा, जेवणापूर्वी, थोड्या पाण्यातून घ्यावी.’ पहिलीसाठी : ‘एक पुडी पाण्यात ढवळून दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर घ्यावी.’ १ ग्रॅम फुगीर पावडर कोरडी तोंडात टाकली तर ठसका लागतो, म्हणून पाण्यात ढवळायचं असं स्पष्ट लिहा. ‘सांगितल्याप्रमाणे’ असं लिहून सोडू नका.

त्याशिवाय रुग्णाचं नाव, पुड्यांची संख्या, प्रत्येक पुडीतलं औषध व त्याचं प्रमाण, बांधल्याची तारीख, आणि ‘कोरड्या जागी ठेवा’, ‘लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका’ या सूचना. पुडीत अ‍ॅट्रोपीन ०.५ मि.ग्रॅ. असं लिहा, १२० मि.ग्रॅ. लिहू नका. ते पावडरीचं वजन आहे, मात्रा नाही. लेबल डब्यावर लागतं, पण पुड्या डब्यातून निघून खिशात जातात, म्हणून प्रत्येक पुडीवर निदान औषधाचं नाव लिहिता आलं तर लिहा. लिहायचं ते कागद कोरा असतानाच, पावडर भरून बांधल्यावर पेन दाबलं तर पुडी फाटते.

रुग्ण लहान मूल असेल तर याच चिठ्ठीचं वाचन वयापासून सुरू करा. पुस्तकातलं यंगचं सूत्र, वय भागिले वय अधिक १२, सहा वर्षांच्या मुलाला प्रौढाच्या एक तृतीयांश मात्रा दाखवतं. ते ढोबळ आहे, त्यावरून मात्रा ठरवायची नाही. पण चिठ्ठीतला आकडा प्रौढाइतकाच दिसला तर थांबून विचारायला ते पुरतं. मुलाचं वजन लिहिलेलं असेल तर किलोमागे किती, असाच हिशेब करा.